काटा हलेपर्यंत दमानं : थंडीत छोटं टर्बो इंजिन सांभाळण्याची कृती

परतवाड्याच्या थंडीनं इंजिन फुटत नाही. पौषातल्या पहाटे इथे पारा आठ-दहा अंशांवर येतो, वर चिखलदऱ्याला तो पाच-सहापर्यंत उतरतो. याच जातीची इंजिनं उणे वीस अंशांच्या मुलखातही रोज चालतात. मग आपल्याकडे हिवाळ्यात गाडीला त्रास होतो तो कशाचा? एक म्हणजे उन्हाळ्यात खंगलेली बॅटरी. दुसरं, परतवाडा ते अचलपूर अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या. त्यात इंजिन गरम व्हायच्या आतच बंद होतं. तिसरं, गाव सुटल्यावर थोड्याच वेळात लागणारा सातपुड्याचा घाट. थंडी या तिन्हींना फक्त उघडं पाडते. पुढची कृती या तिन्हींसाठी आहे.

नेक्सॉन, वेन्यू, मॅग्नाइट, कायगर, फ्रॉन्क्स, टायगुन, एक्सयूव्ही ३एक्सओ या गाड्यांची टर्बो पेट्रोल इंजिनं साधारण १००० ते १२०० सीसीची, तीन सिलिंडरची. एवढ्याशा इंजिनातून मोठ्या इंजिनाचा जोर निघतो तो टर्बोमुळे. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो आणि तो टेकलेला असतो ऑइलच्या केसाहून पातळ थरावर. ऑइल थंड आणि घट्ट असताना दांड्याला असं पळवणं हीच थंडीतली सगळ्यात मोठी चूक.

गंमत अशी की थंडीत गाडी जास्त ओढते. मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या हवेपेक्षा ८ अंशांची हवा साधारण १३ टक्क्यांनी दाट असते. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १२ टक्क्यांनी कमी. म्हणजे उंचीनं नेलेलं थंडी बरंचसं भरून देते. दाट, गार हवेत नॉकिंगची, म्हणजे मिश्रण अवेळी पेटण्याची, भीतीही कमी. पिकअप मस्त लागतो, पाय आपोआप दाबला जातो आणि नेमका तेव्हाच ऑइल अजून तयार नसतं.

जवळ काय हवं

- गाडीचं मॅन्युअल (ते डॅशबोर्डच्या कप्प्यात असतंच, उघडलेलं मात्र नसतं)
- साधा डिजिटल मल्टिमीटर
- टायरची हवा मोजायचा गेज
- जाड तांब्याच्या तारेची जम्पर केबल
- खाण्याचा सोडा, जुना ब्रश, पेट्रोलियम जेली
- ऑइलची पट्टी पुसायला स्वच्छ सुती फडकं

दिवाळीच्या सुमारास : थंडीआधीची तयारी

१. बॅटरी मोजा. लेड-ॲसिड बॅटरीला खरं मारते ती उष्णता. अमरावती-अकोल्याचा उन्हाळा तिच्या प्लेटा झिजवतो. पण गरम इंजिन हलकं फिरतं, म्हणून तेव्हा ते कळत नाही. थंडीत ऑइल घट्ट होतं, इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो आणि बॅटरीतली रासायनिक क्रियाही मंदावते. मग पहिल्या गार पहाटे सेल्फ नुसता कण्हतो आणि दोष जातो थंडीच्या माथी.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी दार उघडण्याआधी मोजता आलं तर उत्तम. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी, ती आधी चार्ज करून घ्या. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून आकडा बघा. तो ९.६ च्या खाली कोसळत असेल तर थंडी पडण्याआधी बॅटरी बदला. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत खास त्या कामासाठीची बॅटरी असते. तिच्या जागी स्वस्तातली साधी बॅटरी बसवली तर ती लवकर संपते.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड दिसली तर आधी मायनस आणि मग प्लस काढा, सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं आणि ब्रशनं धुवा, कोरडं करा. बसवताना उलट क्रम : आधी प्लस, मग मायनस. वरून जेलीचा पातळ हात.

२. ऑइल मॅन्युअल सांगेल तेच. आपल्या उन्हाळ्याला पातळ ऑइल कसं पुरेल, अशा समजुतीनं २०डब्ल्यू-५० भरण्याची खोड जुनी आहे. जुन्या जीपला ते चाललं, छोट्या टर्बोला चालत नाही. ५डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा ऑइल थंडीत किती वाहतं ते सांगतो; जितका लहान, तितकं चांगलं. दुसरा आकडा गरम इंजिनातल्या जाडीचा. म्हणजे ५डब्ल्यू-३० पहाटे पटकन वर चढतं आणि भर दुपारीही आपली जाडी धरून राहतं. टर्बोकडे जाणारी ऑइलची नळी बारीक असते. घट्ट ऑइल तिथे उशिरा पोचतं.

डब्यावर आणखी एक खूण बघा : एपीआय एसपी. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत, विशेषतः पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्यांत, कमी फेऱ्यांवर (आरपीएमवर) जास्त जोर पडला तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला जबर हादरा बसतो. हे टाळणारी ऑइलची प्रत आधी २०१८ मध्ये एसएन प्लस या नावानं आली, मग २०२० मध्ये एसपी म्हणून. घाट चढणाऱ्या गाडीला ती हवीच. मॅन्युअलमध्ये वेगळी प्रत दिली असेल, तर अर्थातच तिचं ऐका.

३. कूलंट खरं आहे का, तपासा. कूलंट बर्फ होऊ नये म्हणून असतं, आपल्याकडे बर्फ कुठे, असं म्हणून रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतलं जातं. कूलंट गंज थांबवतं, उकळण्याचा बिंदूही वाढवतं. आजच्या बहुतेक पेट्रोल टर्बोंभोवती कूलंटच फिरतं. क्षाराचं पाणी तिथे खपली धरतं. रंग गढूळ झाला असेल तर पूर्ण बदला. तयार मिश्रण घेतलं तर त्यात पाणी घालू नका. घट्ट कूलंट घेतलं तर शुद्ध पाण्यात निम्मं-निम्मं करा. टाकीचं झाकण इंजिन गार असतानाच उघडायचं.

४. थर्मोस्टॅट जागेवर आहे ना, विचारा. हिवाळ्यासाठी सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटच्या वाटेवरचं दार. इंजिन गार असताना ते बंद राहतं आणि साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतं. उन्हाळ्यात गाडी तापायला लागली की सल्ला मिळतो : "थर्मोस्टॅट काहाडून टाका भाऊ, गाडी गरमच होत नाई." बोलणं खरं आहे, गाडी खरोखरच गरम होत नाही. उन्हाळ्यात ते सोयीचं वाटतं. हिवाळ्यात मात्र इंजिन तासभर चालूनही अर्धं गारच राहतं. इंजिनाच्या संगणकाला वाटतं गाडी आत्ताच सुरू झाली आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करतं. ॲव्हरेज घसरतं, हीटर नावालाच उरतो. जुनी गाडी विकत घेतली असेल तर हे आवर्जून बघा : वीस मिनिटं चालवूनही तापमानाचा काटा मध्यावर येत नसेल तर थर्मोस्टॅट काढलेला असेल किंवा उघडाच अडकला असेल. नवा बसवायला फार खर्च येत नाही.

५. टायरची हवा सकाळी मोजा. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधला दाब सुमारे एक पीएसआय कमी होतो. ऑक्टोबरच्या उन्हात भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे चार-पाच पीएसआयनं कमी भरते. गार टायरवर मोजून भरा.

पहाटे : सुरू करताना

६. आधी बाकी सगळं बंद. एसी, ब्लोअर, दिवे, मागच्या काचेची तार, मोबाइलचा चार्जर. बॅटरीतला सगळा जोर सेल्फला मिळू द्या.

७. चावी 'ऑन'वर आणून क्षणभर थांबा. पेट्रोल गाडीत तेवढ्यात पंप दाब तयार करतो. डिझेल गाडीत पिवळी कॉइलची खूण विझेपर्यंत थांबा. आतले ग्लो प्लग तापत असतात. बटण असलेल्या डिझेल गाड्या हे सहसा आपणहून करतात, म्हणून बटण दाबल्यावर लागणाऱ्या क्षणभराच्या उशिरानं गोंधळू नका.

८. क्लच पूर्ण दाबा, ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. क्लच दाबला की गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल फिरवायचं ओझं सेल्फवरून उतरतं. पेट्रोल किती सोडायचं ते संगणक ठरवतो. कार्बोरेटरच्या काळात पाय मारायची सवय होती, ती सोडा. दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. नाही घेतली तर अर्धा मिनिट थांबून पुन्हा. तीनदा नाही म्हणजे नाही. नुसती टकटक येत असेल तर बॅटरी उतरली आहे. सेल्फ जोमात फिरूनही गाडी पेटत नसेल तर प्लग किंवा पेट्रोलच्या दाबाकडे बघायचं. नव्या टर्बो गाड्यांना धक्का स्टार्ट टाळावा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणून गार इंजिन पेटायला एखादा सेकंद जास्त लागला तर तो दोष समजू नका. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढून घेतं. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी अर्ध्याच्या वर ठेवा.

९. अर्धा ते एक मिनिट, बस. सुरू झाल्यावर फेरे हजाराच्या वर जातात आणि आवाज जरा खरखरीत येतो. कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून संगणक हे मुद्दाम करतो. एवढ्या वेळात ऑइल टर्बोपर्यंत पोचलेलं असतं. फेरे उतरू लागले की निघा.

इथे दोन टोकांच्या सवयी दिसतात. एक, सुरू होताच रेस मारत राहणं. दुसरी, गाडी चालू ठेवून आत चहाला जाणं. पहिली टर्बोच्या दांड्याला घातक, दुसरी ऑइलला. जागेवर उभं राहून छोटं इंजिन फार सावकाश तापतं आणि तोवर पेट्रोल ऑइलमध्ये झिरपत राहतं. टिनाच्या बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवणं तर माणसांनाच घातक : कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

१०. काटा हलेपर्यंत दमानं. पहिली दहा-पंधरा मिनिटं फेरे अडीच हजाराच्या आत, ॲक्सिलरेटर हलका. काही गाड्यांत काट्याऐवजी निळा दिवा असतो, तो विझेपर्यंत हाच नियम. काटा मध्यावर आला म्हणजे कूलंट गरम झालं. ऑइल त्याच्या मागून येतं. म्हणून काटा स्थिरावल्यावरही पाच-दहा मिनिटं पाय आवरा.

११. हीटर उशिरा, काच आधी. हीटरची ऊब इंजिनाच्या कूलंटमधून येते. छोटी इंजिनं उष्णता फारशी वाया घालवत नाहीत, म्हणून गाडी उशिरा ऊबदार होते. काटा हलल्यावरच हीटर लावा. काचेवर आतून धुकं धरलं तर बाहेरची हवा घ्या आणि गरम हवेसोबत एसीही लावा. एसी हवेतला ओलावा काढतो. बाहेरून काचेवर दव घट्ट बसलं असेल तर गरम पाणी ओतू नका, काच तडकते.

घाटात : चिखलदऱ्याची वाट

१२. पायथा येईपर्यंत इंजिन तयार ठेवा. परतवाड्याहून वर जाताना धामणगाव गढीवरून जा नाहीतर घटांगवरून, चढ लागेपर्यंत मिळणारा रस्ता म्हणजे गाडी गरम करायची आयती सोय. तो ताणून चालवण्यात घालवला तर दोन मिनिटं वाचतात आणि पहिल्या वळणावर टर्बो अर्धवट गार ऑइलवर पूर्ण जोर लावतो. वाटेत थांबायचं असेल तर चढ सुरू होण्याआधी थांबू नका. तासाभराच्या थांब्यानं ऑइल परत गार होतं.

१३. गिअर खाली उतरवा. टर्बोचा जोर खालच्या फेऱ्यांवरच मिळतो, म्हणून चौथ्या गिअरमध्ये बाराशे-तेराशे फेऱ्यांवर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून चढायचा मोह होतो. ठिणगीआधी पेटण्याचा जो धोका ऑइलच्या पायरीत सांगितला, तो इथेच. तिसऱ्यात किंवा दुसऱ्यात, दोन ते साडेतीन हजार फेऱ्यांवर चढा. आवाज वाढला तरी इंजिन सुखात असतं.

१४. वर पोचल्यावर लगेच बंद करू नका. चढाच्या शेवटी टर्बो अतिशय तापलेला असतो. इंजिन बंद केलं की ऑइलचा प्रवाह थांबतो आणि दांड्याभोवती अडकलेलं ऑइल जळून काजळी धरतं. देवी पॉइंटला किंवा गाविलगडाखाली गाडी लावताना शेवटचा अर्धा किलोमीटर हळू चालवा किंवा अर्धा-एक मिनिट जागेवर चालू ठेवा. आपोआप बंद होण्याची सोय घाटात बटणानं बंद करून ठेवा.

१५. उतरताना न्यूट्रल नाही. गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरलं तर संगणक पेट्रोल बंदच करतो, म्हणजे न्यूट्रलपेक्षा खर्च कमी. ब्रेकही तापत नाहीत. लांब उतारावर काटा थोडा खाली आला तर घाबरू नका. सपाटीला आल्यावर पुन्हा दोन-चार मिनिटं हलक्या पायानं चाला.

१६. परतीची सुरुवात म्हणजे पुन्हा पहिली सुरुवात. डिसेंबर-जानेवारीत बहिरमच्या यात्रेला गेलेली गाडी शेतात चार-पाच तास उभी राहते. हंडीचं मटण आणि रोडगे आटोपून रात्री निघताना गाडी पहाटेइतकीच गार असते. सहावी ते दहावी पायरी तशीच्या तशी. मुक्कामाला उघड्यावर लावलेल्या गाडीचं बोनेट सकाळी एकदा उघडून बघा. ऊब शोधत आलेले उंदीर वायरी कुरतडतात.

आठवड्याला एकदा

१७. गाडीला लांब फिरवून आणा. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीच्या ऑइलमध्ये पेट्रोल आणि पाण्याचा अंश साठतो. जळताना तयार झालेली पाण्याची वाफ थंड इंजिनात थिजते. ऑइल चांगलं तापून काही वेळ तसंच राहिलं तरच दोन्ही उडून जातात. आठवड्यातून एकदा अमरावतीची फेरी झाली तर फार बरं. नाहीतर सलग अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर. बीएस-सिक्स डिझेल गाडीला तर हे अधिकच गरजेचं : धूर गाळणारी जाळी तापल्याशिवाय साफ होत नाही आणि ती साफ करण्याचा प्रयत्न अर्धवट राहिला की डिझेल ऑइलमध्ये उतरतं.

१८. पट्टी वाचा. गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं झाल्यावर. पट्टी पुसा, बुडवा, काढा. पातळी कमी असणं आपल्याला कळतं. थंडीत बघायचं ते वाढलेली पातळी. वरच्या खुणेच्या वर ऑइल गेलं असेल आणि पट्टीला पेट्रोलचा उग्र वास असेल तर ऑइल बदलायची वेळ आली, किलोमीटर भरलेले असोत वा नसोत. ऑइलच्या झाकणाखाली साईसारखा पिवळट थर दिसला तर आधी लांबची फेरी मारा. थर गेला तर तो साठलेला ओलावा. तरीही येत राहिला आणि कूलंट घटत असेल तर हेड गॅस्केट तपासून घ्या.

उणे अंशांच्या मुलखात

लेह किंवा काश्मीरला हिवाळ्यात गाडी नेणाऱ्यांसाठी, आणि कॅनडात राहणाऱ्या आपल्या लेकीबाळींसाठीही, कृती हीच. वर चार गोष्टी वाढतात.

डिझेल गाडी असेल तर टाकी मैदानातल्या डिझेलनं भरून वर जाऊ नका. साध्या डिझेलमधलं मेण थंडीत थिजून फिल्टर बंद करतं. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आणलं, ते तिथे भरा. कूलंटचं निम्मं-निम्मं मिश्रण साधारण उणे ३७ पर्यंत टिकतं. नुसतं पाणी असेल तर शून्याखाली इंजिनाचा ब्लॉकच तडकू शकतो. ऑइल ०डब्ल्यूचं, मॅन्युअलची संमती असेल तर. विनिपेग-एडमंटनसारख्या शहरांत गाडीच्या तोंडातून लोंबणारा विजेचा प्लग दिसतो; तो रात्री इंजिनाला ऊब देणाऱ्या हीटरचा.

तिथेही घोळ होतो तो छोट्या फेऱ्यांचाच. २०१८ मध्ये होंडाच्या दीड लिटर टर्बो इंजिनात, चीनच्या थंड उत्तर भागात, ऑइलमध्ये पेट्रोल मिसळण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की कंपनीला तिथे गाड्या परत बोलवाव्या लागल्या. इंजिन लवकर तापावं असे बदल त्या उपायात होते. उणे वीसमध्ये जे ठळक दिसलं, तेच आठ अंशांत हळूहळू होतं.

वेळ नसेल तर

अठरा पायऱ्या जमणार नसतील तर तीन धरा : थर्मोस्टॅट जागेवर, ऑइल योग्य प्रतीचं, आणि काटा हलेपर्यंत हलका पाय. आणि थंडीच्या सकाळी दूध आणायला किंवा मुलाला कोपऱ्यावरच्या शिकवणीला सोडायला टर्बो गाडी बाहेर काढू नका; स्कूटर घ्या, सायकल घ्या, चालत जा. इंजिनाची सगळ्यात जास्त झीज त्या दोन किलोमीटरांतच होते, आणि ती टाळायला गॅरेजला एक रुपयाही द्यावा लागत नाही.